खंडेनवमीला कॉम्प्युटर आतून साफ केला

आमच्या घरातला कॉम्प्युटर आतून साफ करण्याचा पहिला आणि शेवटचा मान माझ्याकडे जातो.

धारूरच्या बाजारात आमचं किराणा दुकान. नव्वदचं दशक संपत आलं होतं, घरोघरी केबल आली होती, आणि अप्पांना (म्हणजे वडिलांना) कुणीतरी पटवलं होतं की यापुढे कॉम्प्युटर नसलेल्या दुकानदाराला लोक अडाणी समजतील. म्हणून अंबाजोगाईहून एक जुना कॉम्प्युटर आला आणि आतल्या खोलीत विराजमान झाला. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स होतं. ते घालून देणाऱ्या मित्रानं मला एक सीडी दिली आणि एक सल्ला. "मन्या, जे कळत न्हाई त्याला हात लावू नको बे." सल्ला मी त्याच दिवशी हरवला. सीडी शाबूत राहिली, कारण ती नंदानं ठेवून घेतली.

नंदा माझी धाकटी बहीण. बारावी झालेली, आणि प्रश्न विचारण्याची वाईट खोड!

"दादा, यात नेमकं काय काय हाय?"

"कॉम्प्युटर हाय."

एवढ्या सखोल उत्तरानंही तिचं समाधान झालं नाही. तिनं माझ्या त्याच मित्राला विचारून घेतलं. 'आरपीएम' असं लिहून पुढे दोन अक्षरं टाकली की आत बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामच्या पुड्यांची, यादी सरसर खाली यायची. शेकड्यांनी नावं! आणि एकेका पुड्याचं नाव घालून विचारलं की तो कशासाठी आहे, हे मशीन इंग्रजीत सांगायचं. नंदा शेजारी डिक्शनरी घेऊन बसली आणि दोनशे पानी वहीत एकेक उतरवू लागली. नाव, काम, आणि तो कुणाकुणाला लागतो. शेवटच्या पानावर, मशीन बिघडलं तर सीडीवरून दुरुस्त कसं करायचं, तेही.

"दादा, ह्यो पुडा अक्षरं दिसायसाठी लागतो."

"मला म्हाईत हाय!" (मला माहीत नव्हतं.)

या वहीमागे कारण होतं. आष्टीचे मामा शाळामास्तर. त्यांनी औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स आणि मुलींचं वसतिगृह शोधून ठेवलं होतं. फॉर्मवर फक्त अप्पांची सही बाकी होती. अप्पांनी अट घातली, "खंडेनवमीला पूजा झाली की मशीन चालवून दाखव. आत काय काय हाय, सांग. पटलं तर सही, न्हाई तर विषय बंद." कुठल्या बरणीत काय आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याला अप्पा दुकानातसुद्धा उभं करत नसत. मग औरंगाबाद तर लांबच राहिलं.

आता खंडेनवमी म्हणजे आपापल्या हत्यारांची पूजा. आमची हत्यारं म्हणजे तराजू आणि वजनं. त्या सकाळी ती चिंचेनं घासायची, सगळ्या बरण्या खाली काढायच्या, आणि वर्षभरात जिच्याकडे एकाही गिऱ्हाइकानं बोट दाखवलं नाही ती बरणी काढून टाकायची, हा अप्पांचा नियम.

"मन्या, ती मशीन बी पूजेला हाय. साफ केली का?"

"पुसली की अप्पा."

"वरून पुसून काय होतंय? आतून कर!"

नंदा आईबरोबर पुरण वाटत होती. तिला कशाला त्रास द्यायचा, असा उदात्त विचार करून मी यादी काढली आणि अप्पांचा नियम लावला. प्रिंटरचे पुडे? आमच्याकडे प्रिंटरच नाही. काढा! नॉर्वेची भाषा? धारूरला नॉर्वेचं गिऱ्हाईक कधी आलंय? काढा! बुद्धिबळ ठेवलं (ते रोज लागायचं). असं करत करत एका पुड्यावर आलो. नाव जीलिबसी. ना ओळखीचं, ना देखणं. काढायला गेलो तर मशीन अडून बसलं. हा याला लागतो, तो त्याला लागतो, अशी तक्रारींची रांगच लावली! मी मनात म्हटलं, लग्नघरात रुसलेला प्रत्येक पाहुणा हेच सांगतो, माझ्याशिवाय अडेल म्हणून. कुणाचंही न ऐकता काढून टाकायची एक युक्ती मित्राकडे पाहिली होती. ती वापरली. जीलिबसी गेला. मशीन एकदम गप्प झालं. मला वाटलं, समाधान पावलं.

मामा आले. पूजा झाली. मॉनिटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. अप्पा पाटावर बसले, फॉर्म मांडीवर. नंदानं यादी मागितली. नाही. फाइल मागितली. नाही. जे मागेल ते नाही! तिच्या कपाळावर घाम आला.

"बंद करून चालू कर!" मी अधिकारवाणीनं म्हणालो.

केलं. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि सगळं थिजलं.

"काय लिवलंय?" अप्पांनी विचारलं.

"इंग्रजीत 'पॅनिक' लिवलंय. घाबरलंय म्हणतंय," नंदा रडवेल्या आवाजात म्हणाली.

अप्पांनी फॉर्मची घडी घातली. पोरीनं दोन महिने खपून वही भरली होती, आणि मी एका सकाळीत तिचं औरंगाबाद काढून टाकलं होतं!

"अप्पा, तिची चूक न्हाई. म्या सकाळी आतून साफ केलं."

"काय काय काढलंस?" नंदा ओरडली.

"जे जे कळलं न्हाई ते."

"म्हंजी सगळंच की!"

जीलिबसीचं नाव ऐकून ती क्षणभर डोकं धरून बसली. मग डोळे पुसले, वही उघडली, सीडी घातली. मशीन सीडीवरून चालू केलं आणि वहीत बघत एकेक अक्षर टाकू लागली. अर्धा तास हेच चाललं. पुरणपोळ्या गार झाल्या. अप्पा मात्र उठले नाहीत.

"ह्यो एकच पुडा परत घालायलीस? बाकीचे?"

"बाकीचे असू द्या अप्पा, त्यांच्यावाचून अडत न्हाई. ह्यो पुडा म्हंजी बरणी न्हाई, फळी हाय. सगळ्या बरण्या हिच्यावरच हायेत."

अप्पा माझ्याकडे वळले. "म्हंजी ह्यानं बरण्या जागच्या जागी ठेवल्या आन् खालची फळी काढली?"

"हां."

"शिव शिव शिव!"

तेवढ्यात पडदा उजळला. नंदानं यादी काढली आणि वहीकडे न बघता पुड्यामागून पुडा सांगत सुटली. विसाव्या पुड्याला अप्पांनी हात वर केला आणि मामांकडे पेन मागितलं. मी इतका खूश झालो की झेंडूची माळ काढून नंदाच्याच गळ्यात घातली.

दसऱ्याला लोक सीमोल्लंघन करतात ते वेशीपर्यंत. नंदानं खरंखुरं केलं. मी तिची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ते बघून मामांना दया आली.

"दाजी, मन्मथलाबी पाठवायचं का कोर्सला?"

अप्पांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"नगं. ह्यो दुकानातच बरा. तितं फळी काढली तर निदान आवाज तरी येतो!"