दीपमाला मॅडमचे दोन सेकंद

दीपमाला मुनेश्वर यांना आकड्यांचं वेड आहे, असं मुकुटबनच्या आसपासच्या चौदा शाळांमधले गुरुजी चहा पिता पिता एकमेकांना सांगतात, आणि ते खोटं नाही. मॅडम या चौदा शाळांच्या केंद्रप्रमुख. वरून आलेली पत्रं शाळांपर्यंत पोचवायची आणि शाळांनी भरलेले तक्ते वर पाठवायचे, असं हे काम. बहुतेक जण ते पोस्टमनच्या इमानदारीने करतात, पाकीट न उघडता. मॅडमची खोड अशी की त्या पाकीट उघडून वाचतात.

वय एकोणपन्नास, नोकरी चोवीस वर्षांची. त्यातली पहिली अकरा वर्षं चिखलधऱ्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गावर. तिथल्या कामासाठी आदर्श शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळालेलं. नवरा राजदीप यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. मॅडम रविवारी घरी असल्या की तो आधी त्यांचा मोबाइल काढून फ्रिजवर ठेवतो, कारण जेवतानाही त्या तक्त्यावर बोट फिरवत बसतात. ‘‘आज सुट्टी हाय त्या लेकरांले,’’ तो म्हणतो. मॅडम हसतात आणि जेवण झालं की फ्रिजवरून मोबाइल घेतात.

यंदा जानेवारीत चौथीच्या मुलांची वाचन पडताळणी झाली. केंद्रात एकशे पाच मुलं, त्यातली चौसष्ट परिच्छेद वाचू शकत होती. म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. तालुक्याच्या बैठकीत या आकड्याला कोणी नाव ठेवलं नाही, कोणी पाठही थोपटली नाही. मॅडम मात्र घरी आल्या आणि एकशे पाच नावं पुन्हा हाताने उतरवून काढली, गावातली वेगळी आणि पोडावरची वेगळी. पोड म्हणजे गावापासून जरा दूर वसलेली कोलामांची वस्ती. या भागात बहुतेक शाळांना एकदोन पोडांची मुलं येतात.

गावातली चौऱ्याहत्तर मुलं, त्यातली अठ्ठावन्न वाचणारी. पोडावरची एकतीस, वाचणारी सहा.

मॅडमनी बेरीज तीनदा केली. दोन वर्षांत याच केंद्रात वाचनाची पाच प्रशिक्षणं झाली होती, प्रत्येक गुरुजी प्रत्येकाला हजर होता, फोटोही होते. आणि फरक तसूभर हलला नव्हता. वरिष्ठांना फोन केला तर ते म्हणाले, सहावं प्रशिक्षण लावा. मॅडमना राग आला. दुखतं कुठे ते न बघता तीच गोळी सहाव्यांदा द्यायची, असा तो प्रकार होता.

म्हणून त्यांनी वर्गात जाऊन मागे बसायला सुरुवात केली. सोबत एक कोरा कागद. त्यावर मुलं बसली असतील तशी नावं लिहायची, आणि गुरुजींनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापाशी एक ठिपका द्यायचा. एवढंच. पहिला कागद भरला चिखलधऱ्यालाच, विठ्ठलरावांच्या वर्गात. विठ्ठलराव ठाकरे म्हणजे लेकुरवाळा माणूस. कोणाला ताप आला तर स्वतःच्या मोटरसायकलवर घरी पोचवणारा, उभ्या नोकरीत कोणावर हात न उगारलेला. त्यांच्या एका तासात शेहेचाळीस ठिपके पडले. पोडावरच्या सहा मुलांत मिळून दोन.

मॅडमनी कागद पुढे केला. विठ्ठलरावांनी चष्मा वर केला, खाली केला.

‘‘मॅडम, लाजतेत ते लेकरं. विचारलं की मान खाली. एक पोरगी तं रडून घरी पळून गेलती. मंग मीच ठरवलं, कायले छळाचं लेकरांले? बसू द्या, आयकू द्या.’’

मॅडमना रागवता येईना. या माणसाने दुष्टाव्याने काही केलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते. इथे तर सगळी माया होती, आणि त्या मायेखाली सहा मुलं गप्प बसली होती. पुढच्या तीन आठवड्यांत अकरा शाळा झाल्या. कागद वेगळे, ठिपके तसेच.

महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. या केंद्राची एक जुनी रीत आहे: ज्या शाळेचे आकडे सगळ्यात खाली, तिच्या गुरुजींनी उभं राहून ते स्वतः वाचून दाखवायचे. रीत कोणी पाडली ते आता कोणाला आठवत नाही, पण उभं राहणाऱ्याचे कान लाल होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारीची परिषद मॅडमनी चिखलधऱ्याला ठेवली. छत्तीस शिक्षक भिंतींना टेकून बसले आणि मॅडम स्वतः चौथीला पाठ द्यायला उभ्या राहिल्या. बोलून दाखवलं नाही, पण मनात होतंच की बघा आता, कसं विचारायचं असतं ते.

दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली अर्पिता नावाची शिक्षिका म्हणाली, ‘‘मॅडम, तुमच्या पाठात मी मांडू का ठिपके?’’

‘‘मांड की. पोट भरून मांड.’’

पाठ झकास झाला. तुरीच्या वावरात शिरलेल्या शेळीची गोष्ट होती. मॅडमनी पोडावरच्या सहाही मुलांना आठवणीने प्रश्न विचारले, गावातल्यांपेक्षा एखादा जास्तच. वर्षा टेकाम नावाची बारीक चणीची मुलगी उभी राहिली, तिने मान खाली घातली, तेव्हा मॅडमनी हलकेच तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘‘असू दे बाळा’’ म्हणून तिला बसवलं आणि उत्तर स्वतःच सांगितलं. मागच्या दोघीतिघींना ते बघून भरूनही आलं.

मुलं मैदानात गेली. अर्पिताने कागद दाखवला. ठिपके सगळीकडे पडले होते. मॅडम खूश झाल्या. पण अर्पिता कागद सोडेना.

‘‘मॅडम, मी अजून एक मोजलं. मोबाइलच्या घड्याळात. प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता ते.’’

‘‘मंग?’’

‘‘गावातल्या मुलांसाठी सरासरी सात सेकंद.’’ तिचा आवाज खाली आला. ‘‘पोडावरच्यांसाठी दोन.’’

‘‘मोबाइल बरोबर चालते ना तुहा?’’ मॅडम म्हणाल्या. कोणी हसलं नाही. अर्पिताने बावीस प्रश्नांची यादी पुढे धरली, प्रत्येकापुढे नाव आणि सेकंद. वर्षासमोर लिहिलं होतं, दीड.

मॅडमनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, त्याखाली सात, त्याखाली दोन. छत्तीस जणांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना त्यांचे कान लाल झाले की नाही ते कोणी बघितलं नाही, कारण सगळे जमिनीकडे बघत होते.

परिषद संपली तशी त्या नाला ओलांडून पोडावर गेल्या, वर्षाच्या घरी. वर्षाची आई कोकिळा अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसली होती. एकोणीस वर्षांपूर्वी हीच कोकिळा चौथीत मॅडमच्या वर्गात होती. तिने हातातली कामटी ठेवली, पदराने खाट झटकली.

‘‘बसा मॅडम. वर्षानं काई केलं का?’’

‘‘नाई गं. तिले आता पाचवीले धाडाचं, त्याचं बोलाले आली.’’

चिखलधऱ्याची शाळा चौथीपर्यंतच. पुढे आश्रमशाळा, तीही लांब. कोकिळा थोडा वेळ काहीच बोलली नाही. मॅडमनी आज पहिल्यांदाच त्या थोड्या वेळाकडे लक्ष दिलं.

‘‘वाचता आलं तं धाडीन. नाई तं घरीच राहू दे. मी गेलती न आश्रमशाळेत. पयल्याच दिवशी उभी करून वाचाले सांगतलं. सारे हासले. तीन महिन्यांत पळून आली मी. तिले कायले त्याच्यात टाकू?’’ मग मॅडमना वाईट वाटू नये म्हणून ती घाईने म्हणाली, ‘‘तुमी लय चांगल्या होत्या पण. कदी मारलं नाई, कदी चिल्लावल्या नाई. मले येत नाई हे तुमाले मालूम होतं, म्हणून तुमी मले काई विचारतच नव्हत्या.’’

तिने हे अगदी मनापासून, उपकार मानल्यासारखं सांगितलं. 

‘‘खरंच येत नव्हतं का तुले?’’

‘‘येत होतं थोडं थोडं. पण तुमी विचारलं की मी आदी आमच्या बोलीत समजून घेवो, मंग तुमच्या बोलीत उत्तर जुळवो. जुळेपर्यंत तुमी दुसऱ्याले विचारलं राहे.’’

मॅडम त्या खाटेवर किती वेळ बसल्या ते त्यांनाच ठाऊक नाही. कोकिळाने काळा चहा केला, तो त्यांनी थंड झाल्यावर प्याला. अकरा वर्षांत या पोडावरची किती मुलं त्यांच्या वर्गातून गेली, त्यांची नावं त्या आठवत होत्या. सगळी आठवली. एकाचाही वर्गातला आवाज आठवेना.

सहावं प्रशिक्षण झालं, पण वरिष्ठांनी सांगितलं तसं नाही. भाषण नाही, पडद्यावर चित्रं नाहीत. दर शनिवारी शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसायचं. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने सेकंद मोजायचे आणि कागद हातात द्यायचा. प्रश्न विचारला की दहा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मुलांनी उत्तर आधी शेजारच्याच्या कानात, आपल्या बोलीत सांगितलं तरी चालेल. विठ्ठलराव पहिल्या शनिवारी घामाघूम झाले. ‘‘मॅडम, दहा सेकंद म्हंजे जिल्हा परिषदेची मीटिंग वाटून राह्यली,’’ ते म्हणाले. सहा सेकंद झाले की त्यांच्या ओठांतून उत्तर निसटायचंच. मग ते खिशातली बडीशेप तोंडात टाकू लागले, म्हणजे तोंड कामात राहील. वरिष्ठांनी विचारलं, याचा अहवाल कसा लिहायचा, शिक्षक गप्प बसले असं? मॅडम म्हणाल्या, हो सर, तसंच लिहा.

मुलं काही जादू झाल्यासारखी बोलायला लागली नाहीत. पहिले दोन आठवडे तर दहा सेकंद नुसते जात. मग कोणी एक शब्द बोललं, कोणी अर्धं वाक्य. मार्चच्या शेवटी मॅडमनी पुन्हा मोजणी केली. एकतीसपैकी सतरा मुलं परिच्छेद वाचत होती. मॅडमनी राजदीपला आपण होऊन फोन केला आणि सतरा हा आकडा असा सांगितला की तो विचारत राहिला, ‘‘काय झालं, नातू झाला का कोणाले?’’

पण उरलेल्या चौदांत वर्षा होती. शब्द वाचायची, ओळ आली की थांबायची. एप्रिलचा महिनाच उरला होता. मॅडम आठवड्यातून दोनदा वाकडी वाट करून चिखलधऱ्याला जात, वर्षाशेजारी जमिनीवर बसत आणि गप्प राहत. आयुष्यात त्यांनी इतकं अवघड काम केलं नव्हतं. जीभ शिवशिवायची. त्या दाताखाली जीभ धरून बसायच्या.

शेवटच्या आठवड्यात पालकांना बोलावून वाचन ठेवलं. कोकिळा दाराशी उभी राहिली, आत यायला तयार होईना. वर्षाची पाळी आली. ती उभी राहिली, पुस्तक हातात धरलं आणि मान खाली गेली.

पाच सेकंद. दहा. गावातल्या एका आईने शेजारच्या बाईकडे सहानुभूतीने पाहिलं. विठ्ठलराव पंख्याकडे बघत बडीशेप चावत होते. मॅडमचा हात त्या पोरीच्या डोक्यावर जायला उठला. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. वीस. या पोरीला आपण आता भर वर्गात लाजवतोय, हे पाप आपल्याच माथी, असंही त्यांना वाटून गेलं. तीस.

वर्षाने वाचलं. आवाज बारीक होता. तीन ठिकाणी अडली, तिन्ही ठिकाणी स्वतःच सुटली. पाच ओळी झाल्या. गोष्टीतल्या म्हातारीने विहिरीवर पाणी काढायला कोणाला नेलं, असं मॅडमनी विचारलं, आणि पुन्हा थांबल्या. वर्षाने बरोबर उत्तर दिलं आणि वर बघितलं.

विठ्ठलरावांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मॅडमनी डोळे पुसले, आश्रमशाळेच्या प्रवेशाचा कागद उचलला आणि दाराशी गेल्या. कोकिळा रडत होती, आवाज न करता.

‘‘भरू ना?’’

‘‘भरा,’’ कोकिळा म्हणाली.

मग ती दारातून आत आली. चपला काढल्या, वर्षा बसली होती त्या जागी जाऊन बसली आणि लेकीच्या हातातलं पुस्तक आपल्या मांडीवर ओढून घेतलं. मागे कोणीतरी खुसखुसलं. विठ्ठलरावांनी डोळे वटारले.

‘‘मॅडम,’’ कोकिळा म्हणाली, ‘‘आता मले विचारा.’’

दीपमाला मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. कोकिळाने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मॅडम थांबल्या. अर्पिताने सवयीने मोबाइल काढला होता, तो तिने परत पर्समध्ये ठेवला, आणि त्या दिवशी पुढे कोणीच काही मोजलं नाही.