आत्यानं चोळलेले पाय

"नो होप फॉर द लेग्ज," खाटेच्या पायथ्याशी उभे असलेले मोठे डॉक्टर धाकट्या डॉक्टरांना हळूच म्हणाले. मग खाटेवरच्या अण्णांकडे, माझ्या वडिलांकडे वळून मराठीत म्हणाले, "होईल हळूहळू."

त्या खोलीत आमच्यापैकी इंग्रजी समजणारी मी एकटीच. बावड्याला साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून अण्णांनीच मला कॉन्व्हेंटात घातलं होतं.

ताप आणि मान ताठ, म्हणून त्यांना दवाखान्यात आणलं होतं. मेंदूज्वर आहे का हे पाहायला लंबर पंक्चर केलं, म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून पाणी काढलं. मेंदूज्वर निघाला नाही. आम्हाला हायसं वाटलं.

दुपारी त्यांची कंबर ठणकू लागली, पायांना मुंग्या आल्या. पडून राहिल्यानं असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. मुरगूडहून आलेली आत्या, अण्णांची धाकटी बहीण, तेल घेऊन पायाशी बसली.

"बरं वाटतंय न्हवं, दादा?"

"व्हय की. तुझ्या हाताला गुण हाय."

"मग ल्हानपणी ह्याच हातावर छड्या का मारत हुतास?"

दोघं हसली. संध्याकाळी सिस्टरनं टाचणी टोचून पाहिली तेव्हा कळलं, आत्याचा हात त्यांना जाणवतच नव्हता. पण एसटीचे धक्के खात आलेल्या बहिणीला तसं सांगायचं कसं, म्हणून ते व्हय म्हणाले होते.

अण्णांना झालं त्याला स्पायनल हिमॅटोमा म्हणतात. सुईच्या जागी आत रक्त साकळतं आणि पायांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. मायलोग्राम, म्हणजे मणक्यात औषध सोडून एक्सरे काढला, ऑपरेशन केलं. उशीर झाला होता.

असं फार क्वचित होतं. तुमच्या माणसाला ही तपासणी सांगितली तर नाकारू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. अण्णांना तसली गोळी नव्हती, तरी झालं. नंतर कंबर दुखली, पाय बधिर झाले, लघवी अडली, तर तेल लावत बसू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा.

'होईल हळूहळू' म्हणून डॉक्टर गेले. आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"ऐकलंस न्हवं? हुईल म्हणालं. चैत्रात जोतिबाचा डोंगर पायांनी चढशील. तसा नवस बोलू काय?"

अण्णा तिला व्हय म्हणणार होते. थांबले. माझ्याकडे वळले.

"आधी इंग्रजीत काय म्हणालं गं?"

मी घरातही चार माणसांत बोलत नसे. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मी अण्णांच्या गुडघ्यावरचा माझा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला, तिथं त्यांना तो कळणार होता.

"पाय परत यायचे नाहीत, अण्णा."