कागदावरची आडवी भोकं

"काका, माझा रायफल वेडा झालाय!" नेहाने टार्गेटचा कागद काउंटरवर आपटला.

गोल भोकांऐवजी कागदावर लांबट चिरा होत्या. म्हणजे गोळ्या आडव्या होऊन आदळत होत्या. माझं धाबंच दणाणलं. नळीच्या तोंडाला आवाज दाबणारा मॉडरेटर बसवायचा म्हणून आठवड्यापूर्वी मीच आटे पाडले होते. ते तिरके असतील तर गोळी मॉडरेटरला घासून कलते.

नेहा इथेच, इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जन्मलेली; मराठी थोडं मोडकं. शेतकरी बोलावतील तिथे जाऊन कोल्हे मारायचे, हे तिचं काम. मी शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमधला गनस्मिथ, बंदुका दुरुस्त करणारा. मेंढ्या विण्याचे दिवस होते, कोकरं रोज जात होती.

"काल एक कोल्हा जखमी होऊन पळाला. खूप शोधला, नाही मिळाला. मला इतकं वाईट वाटतंय ना! आज इव्हिनिंगला परत जायचंय."

मालक मार्टिनने कागद पाहिला. "थ्रेडिंग तू केलंस ना?"

"हो."

"मग बघ." एवढं बोलून तो चहाला गेला. असा राग आला मला!

मॉडरेटर काढला. नळीत गज घालून आटे तपासले. सरळ. पुन्हा तपासले, तरी सरळच. स्कोपचे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचे, स्क्रू आवळले. हात स्वस्थ बसेनात. दोष सापडत नव्हता आणि तो माझा नाही, अशी खात्रीही पटत नव्हती.

"गोळी बदललीस का गं?"

"नाही, सेमच. फिफ्टी-फाइव्ह ग्रेन." ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. "फक्त एस्टेटवाले लेड नको म्हणाले, म्हणून कॉपरचा घेतला."

फक्त! मी तिचं नवं आणि जुनं अशी दोन काडतुसं उकलून गोळ्या टेबलावर शेजारी उभ्या केल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी चांगलीच लांब होती.

नळीतल्या मळसूत्री खाचा गोळीला गिरकी देतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. गोळी लांब असेल तर जास्त जोराची गिरकी हवी, नाहीतर ती आडवी होते. नेहाच्या नळीत चौदा इंचांत एकच फेरा, म्हणजे संथ कारभार. मॉडरेटरच्या आतच गोळी कलली असती तर तो फुटला असता.

"मग नवीन बॅरल?"

"त्याला लायसन्सचा व्याप आहे. आज कॉपरचीच, पण हलकी, आखूड गोळी घे."

मागच्या रेंजवर तिने पाच झाडल्या. पाचही भोकं गोल, एकमेकांना चिकटून. मॉडरेटर परत चढवला, तरी तसंच. ती गेली तरी मला चैन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "काका, मिळाला. एका शॉटमध्ये. तोच होता... लंगडत होता."



मार्टिनला म्हटलं, आटे सरळ होते. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

हल्ली कुणी 'सेमच आहे' म्हणालं की मी आधी फूटपट्टी काढतो.