च्युइंगमच्या कारखान्यातलं नाक

मावशींचं काम ऐकलं की गल्लीतली पोरं तोंडाचा आ करायची. दिवसभर खुर्चीत बसायचं, च्युइंगम चघळायचं आणि वर पगार घ्यायचा! ह्याला काम म्हणायचं की चैन? मावशी नुसत्या हसायच्या. संध्याकाळी जबडा असा ठणकायचा की जेवणाचा घास चावायचा कंटाळा यायचा, पण ते कुणाला सांगायचं?

कारखाना आताच्या साहेबांच्या आजोबांनी काढलेला. सुरुवातीला नुसत्या चपट्या पट्ट्या निघायच्या. उन्हाळा आला की त्या कागदाला अशा चिकटायच्या की गिऱ्हाईक कागदासकट चघळायचं आणि शिव्या घालायचं. आजोबांना औषधाच्या गोळ्या आठवल्या. ‘कडू औषधाला साखरेचा अंगरखा घालतात, मग माझ्या गमाने काय घोडं मारलंय?’ त्यांनी तांब्याचा मोठा ढोल आणला. त्यात गमाचे तुकडे गरगर फिरवायचे, वरून पाक ओतायचा, गरम हवेने वाळवायचा, पुन्हा पाक. थरावर थर चढायचे, शेवटी मेणाचा हात फिरला की गोळी चकाकायची. लोकांना मुळात वेड होतं ते दाताखाली कडक् वाजण्याचं. आतलं गम काय, चावून चावून शेवटी रबरच.

मावशी आधी पॅकिंगला होत्या. एकदा ढोलाजवळून जाता जाता म्हणाल्या, “अहो, ह्यात लिंबू नाही, संत्रं पडलंय.” खरंच पडलं होतं. मोठे साहेब, म्हणजे आताच्या साहेबांचे वडील, म्हणाले, “ही बाई खोकी काय भरत बसलीय?” झालं! तेव्हापासून मावशींना पांढऱ्या टेबलाची छोटी खोली मिळाली. पाण्याचा पेला, थुंकायला वाडगं, आणि दर ढोलामागे गोळ्यांची एक बशी. मावशी ‘पास’ म्हणाल्या की माल पुढे जायचा. सगळे कौतुकाने त्यांना ‘आपल्या कारखान्याचं नाक’ म्हणायचे.

मग तो ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना मावशींची वासाची जाणीव सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, किंवा नाहीही येणार. ह्याला औषध नाही. बरंय! मोडलेल्या हाताला निदान प्लास्टर तरी असतं. गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं तरी मावशी शेजारी उभ्याच. बाळंतपणाला आलेली लेक ओरडली, “आई, तुझं लक्ष कुठे असतं गं?” नातीच्या टाळूला नाक लावून मावशी कितीतरी वेळ बसायच्या. काही म्हणजे काही यायचं नाही. त्या एका गोष्टीसाठी त्यांना धाय मोकलून रडावंसं वाटायचं.

कामावर मात्र निभावलं. पेपरमिंट जिभेला गार लागतं, दालचिनी झोंबते, लिंबू आंबट. जीभ एवढं सांगत होती. केळं आणि स्ट्रॉबेरी तेवढी जिभेला एकच, नुसती गोड. तिथे रंग धावून यायचा. पिवळी गोळी केळ्याची, गुलाबी स्ट्रॉबेरीची. बस्स. देवाने नाक काढून घेतलं, पण डोळे शाबूत ठेवले, असं म्हणत मावशींनी वर्ष ढकललं.

आणि एक दिवस धाकटे साहेब उत्साहाने खोलीत आले. “मावशी, लोकांना आता रंग नकोत. सगळ्या गोळ्या पांढऱ्या करतोय. नुसतं बघून कुणाला काही कळणार नाही. आता सगळी भिस्त तुमच्यावर!”

हे काम गेलं तर घरात कमावणारं दुसरं कोण होतं?

जेवणाच्या सुट्टीत ढोलावरचे अण्णा समोर येऊन बसले. मावशींनी डबा उघडून घास घेतला. अण्णांनी डबा हळूच बंद केला. “मावशी, भाजी विटलीय. सगळ्या खोलीला वास सुटलाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मला केव्हाचं ठाऊक आहे. घाबरू नका. केळं असेल तर मी बशीत चमचा ठेवीन. नसेल तर स्ट्रॉबेरी समजा.”

“आणि तुम्ही चुकलात तर?”

“मी कसा चुकेन? पिठाच्या खोलीत अर्क घालून गम मळतात, ते पोत्यात भरून येतं, आणि पोत्यावर चिठ्ठी असते की. ढोलापाशी माझ्या नाकात तर पाकाशिवाय काही शिरतच नाही.”

चमच्यावर गाडं छान चाललं. इतकं छान, की धाकटे साहेब पाहुण्यांना मुद्दाम मावशींच्या खोलीत आणायला लागले.

त्या दिवशी अण्णा बशी घेऊन आले, चमचा नव्हता. मावशींनी गोळी फोडली. कडक्! आवाज एक नंबर. त्या म्हणाल्या, “स्ट्रॉबेरी. पास.” तेवढ्यात साहेब शिंकत आत आले, नाक पुसलं आणि बशीतली एक गोळी तोंडात टाकली. चघळता चघळता त्यांचा चेहरा वाकडा झाला.

“मावशी, ह्याला काही वासच नाही हो.”

मावशींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पांढरेफटक पडले. पिठाच्या खोलीत कुणीतरी अर्क घालायलाच विसरलं होतं, आणि चिठ्ठी काय, ती स्ट्रॉबेरीच म्हणणार.

“तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच,” साहेब हसले. “माझंच नाक चोंदलंय सकाळपासून.”

आता बोलले नाही तर कधीच नाही, असं मावशींना वाटलं. “साहेब, खरं सांगते. मला वास येत नाही. त्या तापापासून काहीच येत नाही.”

साहेब खो खो हसत सुटले. “वा! म्हणजे दोघांचीही नाकं बंद! मावशी, माझं मन राखायला काहीही बोलता हां तुम्ही.” त्यांचा फोन वाजला. बोलत बोलत ते निघूनही गेले.

“अण्णा, तुम्ही तरी सांगा त्यांना.”

“काय सांगू? चमचा मी ठेवत होतो, हे सांगू?” अण्णांनी बशी उचलली. “घरी बसवतील हो दोघांनाही.”

मावशी तशाच पॅकिंगच्या हॉलमध्ये धावल्या. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून पांढऱ्या गोळ्या सरसर चालल्या होत्या, गुलाबी डब्यांत पडत होत्या. “थांबवा गं!” मावशी ओरडल्या. यंत्राच्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार? पट्ट्याशी उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीने गोळी तोंडात टाकली होती.

“अगं, ह्याला वास कसला आहे?” तिने दुसरीला मोठ्याने विचारलं.

“स्ट्रॉबेरीचा. डोळे फुटले का तुझे? डबा बघ की. मावशींनी पास केलाय माल.”

पहिलीने मावशींकडे पाहिलं, हसली, डोळे मिटून पुन्हा नीट चघळलं.

“हो गं,” ती म्हणाली. “येतोय की. मस्त येतोय!”

मावशींनी पट्ट्यावरची एक गोळी उचलून नाकाशी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या.