माझे साडू आणि राजूरचा कोट

उभ्या नगर जिल्ह्यात माझ्या साडूंनी ज्याची कॉलर उलटी करून पाहिली नाही, असा सदरा शोधून सापडला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात हेडक्लार्क होते. पगार साखरेचा घ्यायचे, पण जीव अडकलेला जुन्या कपड्यांत. त्यांचं लहानपण नगरच्या कॅम्पात, गोऱ्या अधिकाऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर गेलं. शाळेतून आले की दप्तर टाकून खाली दुकानात. त्या वयात जे डोक्यात बसलं ते पुढे मॅट्रिक, नोकरी, लग्न, मुलं यांतलं काहीही बाहेर काढू शकलं नाही. समोरच्यानं नमस्काराला हात जोडले की हे त्याची बाही चिमटीत धरणार, दोन बोटांत चोळणार, मग शिलाई उलटी करून बघणार आणि डोळे मिटून निकाल सांगणार, "कंट्रोलच्या दिवसांतला दिसतोय. शिलाईत मायाच सोडलेली नाही बघा. तेव्हा कापड मिळत होतं कुठं?" समोरचा बिचारा बहुधा उसाच्या बिलाची चौकशी करायला आलेला असायचा.

माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. अंतरपाट धरलेला, भटजी सूर लावतायत, आणि मागून कोणीतरी माझ्या मानेशी खुडबुड करतंय. मला वाटलं, मुंडावळ्या सुटल्या असतील. तेवढ्यात पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं आवाज आला, "कॉलर उलटवून घेतलीय. पण काम सुबक आहे हं!" खरं होतं. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावून घ्यायची, ही आमच्या घरची रीत. सदरा वडिलांचा होता. अंतरपाटापलीकडे माझी होणारी बायको खुदकन हसली ती मला चांगली ऐकू आली, आणि पुढची दोन वर्षं मी साडूंना मनातल्या मनात काय काय म्हणत होतो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

बरं, नुसतं बघून भागत नसे. साडू विडीला कधी शिवले नाहीत, पण खिशात काड्यापेटी कायम. संशय आला की कपड्याचा एक दोरा ओढायचा आणि पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर नाहीतर रेशीम, कागदासारखा जळला तर सूत. तेव्हा टेरिलिनचं खूळ घरोघर शिरलं होतं आणि साडूंचा टेरिलिनवर दात होता. "हे जळत नाही हो, वितळतं! ज्याची राख होत नाही ते कापड कसलं?" असं म्हणून ते काडीच्या टोकावरचा काळा मणी सगळ्यांना फिरवून दाखवत. माझ्या एकुलत्या एका टेरिलिनच्या बुशशर्टाला त्यांनी असं एक भोक पाडून ठेवलं आणि वर माझ्या बायकोला सांगितलं, "रफू करू नकोस. टाकूनच दे."

एकदा नगरच्या स्टँडवर त्यांना पाकीटमार म्हणून धरलं. बाकावर एक गृहस्थ कोट घालून झोपले होते आणि साडूंचा हात त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. पोलिसानं दंड पकडला, तर हे त्यालाच समजावू लागले, "पाकीट कोण बघतंय? अस्तर बघा. हे टाके मशीनचे नाहीत, हातचे आहेत. आहे का असं काम आता?" पोलिसानं खरंच वाकून बघितलं, असं साडू सांगत. मला सोडवायला जावं लागलं, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकतो.

त्यांचं सगळं बरोबर निघायचं असंही नाही. कोपरगावच्या एका वकिलांचा काळा कोट त्यांनी पहिल्या लढाईच्या आधीचा ठरवला. वकील म्हणाले, "अहो, गेल्या दिवाळीत शिवलाय." साडूंनी पुन्हा एकदा काजं तपासली आणि जराही न डगमगता म्हणाले, "मग शिंपी म्हातारा असणार." यावर आमची थोरली मेव्हणी कपाळाला हात लावून म्हणायची, "यांना माणसाचं तोंड ध्यानात राहत नाही, अस्तर राहतं. मी साडी बदलली की मला ओळखतात हेच नशीब."

अशा माणसाला लग्नाच्या बोलणीला कोणी नेत नाही. पण धाकट्या मेव्हणीच्या वेळी आमच्या सासऱ्यांनी मुद्दाम नेलं. तिचं राजूरच्या एका शेतकरी घरात ठरलं होतं. मुलगा शिकलेला, मुलीला पसंत, सुपारी फुटलेली. सासऱ्यांनी नवरदेवासाठी हौसेनं टेरिलिनचा सूट शिवायला टाकला आणि तिथंच माशी शिंकली. राजूरहून निरोप आला की आमच्यात नवरदेव घरचाच कोट घालतो, सुटाची गरज नाही. इकडून निरोप गेला की नवरदेवाचा पोशाख मुलीच्या बापाचा मान आहे. निरोपांना निरोप लागत गेले आणि माघातला मुहूर्त तोंडावर आला तरी गाडं तिथंच. धाकटीनं जेवण सोडलं होतं. सासरे साडूंना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही एवढंच सांगायचं, कोट जीर्ण झालाय, बोहल्यावर फाटेल. तुमचं ऐकतील ते." आणि आम्ही तिघं राजूरला निघालो.

ओसरीवर सतरंजी घातलेली, भावकी जमलेली. नवरा मुलगा खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. त्याला सूट हवा होता हे न विचारताही कळत होतं. त्याची आजी दाराशी शेगडीजवळ पटकूर पांघरून बसली होती. मुलाच्या वडिलांनी ट्रंकेतून कोट काढला तसा डांबराच्या गोळ्यांचा वास ओसरीभर झाला. "भंडारदऱ्याचं धरान बांधत हुते तवा गोऱ्या सायबानं माझ्या बाला बक्षीस दिल्याला हाय ह्यो," ते म्हणाले. "माझ्या चुलत्यानं घातला, मी घातला, माझ्या थोरल्यानं घातला. सायबाच्या कोटाबिगर आमच्यात बोहल्यावर कुनी चढत न्हाई, पाव्हणं."

साडूंनी कोट मांडीवर घेतला आणि त्यांचं तोंड उजळलं. सासऱ्यांनी काय पढवलं होतं ते त्या क्षणी साफ विसरले. "विलायती लोकर! शिंगाची बटणं! काय काम आहे!" असं करत त्यांनी कोट उलटा केला. अस्तर पाहिलं, खांदे पाहिले, काखेत मागाहून घातलेल्या कळ्या पाहिल्या. मग ते काजांपाशी आले आणि एकेका काजातून बोट फिरवून पाहू लागले. माझ्या कानाशी वाकून ते पुटपुटले, "काजं उजव्या बाजूला आहेत. छातीच्या आकाराचे टक्स होते, ते उसवलेत. हा बाईचा कोट आहे हो!"

भरल्या ओसरीत हे बोलले असते तर त्या घरातली तीन माणसं मडमेचा कोट घालून बोहल्यावर चढली होती, असं सगळ्या राजूरच्या बाजारात झालं असतं. मग कुठलं लग्न आणि कुठला मांडव! साडूंची जीभ कपड्याच्या बाबतीत कधी खोटं बोलली नव्हती आणि आता ती आवरणार कोण? मी त्यांचा सदरा मागून ओढून धरला. सासरे डोळ्यांनी खुणावत होते, 'फाटेल म्हणा, फाटेल म्हणा.' वडिलांनी विचारलं, "काय झालं, पाव्हणं? खोट हाय का काय?"

साडू बाहीचं टोक उजेडाकडे धरून बघत बसले होते. बघता बघता त्यांनी मान वर केली आणि सरळ दाराकडे पाहून विचारलं, "आजी, या बाह्या आधी कुणी आत दुमडल्या होत्या? घडीवर झीज आहे. पुष्कळ वर्षं दुमडलेल्या असणार. आणि टाके घोंगडीच्या दोऱ्याचे होते, एक तुकडा अजून आत आहे."

कोणाला काही कळलं नाही. आजी शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्या."

"आये?" मुलाचे वडील म्हणाले.

"व्हय. माझा हाय त्यो कोट. धरनावरच्या बंगल्यात म्या पानी भरायची. लई थंडी. मडमेनं बघितलं, अंगातला काढला अन् माझ्या अंगात घातला. तिला माझी बोली येत न्हवती, मला तिची येत न्हवती. बाह्या लांब हुत्या, म्हून म्या दुमडल्या. चार-पाच हिवाळं घातला. मग धाकल्या दिराचं लगीन निघालं. नवरदेवाला कापडं न्हवती. सासू म्हनली, बाईमान्साला कोट कशाला? काढला. त्यो दिरानं घातला, मग तुमी घातला. हळूहळू सायबानं दिला असं झालं."

"आये, अगं, येवढी वर्सं बोलली न्हाईस?"

"कुनी इच्यारलं न्हाई," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला तिथे बसवेना. मी त्या घरचा कोणीच लागत नव्हतो, तरी माझी मान खाली गेली.

वडील उठले, साडूंच्या मांडीवरचा कोट उचलला आणि आईसमोर उकिडवे बसून विचारलं, "मग आता कसं करायचं म्हंतीस?"

"पोराला त्याचा सूट घालू दे. हौस हाय त्याची. माझा मला दे. मला थंडी वाजती."

लग्न माघातल्या त्याच मुहूर्ताला झालं. टेरिलिनच्या सुटात नवरदेव घामाघूम झाला होता आणि साडूंनी काड्यापेटीला हात लावला नाही, यासाठी मी देवाचे आभार मानले. मांडवात पुढच्या सतरंजीवर नऊवारीवर कोट घालून आजी बसली होती. आदल्या दिवशी साडूंनी स्वतः मांडी घालून त्या बाह्या पुन्हा आत दुमडून दिल्या होत्या, काळा जाड दोरा शोधून आणून, हातानं. बटणं लावायला मी वाकलो तर तिनं माझा हात बाजूला केला आणि वरपासून खालपर्यंत सगळी आपणच लावली. अक्षता पडत होत्या तेव्हा साडू नवरानवरीकडे बघत नव्हते. ते आजीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोरल्या मेव्हणीनं विचारलं, तर म्हणाले, "धूर गेला."

त्यानंतर साडू पूर्वीसारखेच वागत राहिले, सुधारले वगैरे काही नाहीत. पण त्या कोटाचं साल त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आजींचा आहे तो. सालाचं काय घेऊन बसलात?"

दोन-तीन हिवाळ्यांनी आजी गेल्या. दहाव्याला आम्ही राजूरला गेलो. पहाटेची एसटी, हातपाय गारठलेले. घरापाशी पोचलो तर आमची धाकटी आडावरून पाणी घेऊन येत होती. डोक्यावर हंडा, अंगात तो कोट. आजीनं शेवटच्या आजारात आपल्या हातानं तिच्या अंगावर घातला होता म्हणे. साडू वाटेतच थांबले. त्यांचा हात सवयीनं पुढे झाला आणि मध्येच थबकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला विचारलं, "बघू का गं?"

तिनं हंडा उतरवला आणि हात पुढे केला. साडूंनी बाहीचं टोक दोन बोटांत धरलं. धाकटी आजीपेक्षा वीतभर उंच. तिनं दुमड उसवून बाह्या सोडल्या होत्या आणि काळ्या टाक्यांच्या जागी बारीक भोकांची एक रांग तेवढी राहिली होती. साडू त्या रांगेवरून अंगठा फिरवत उभे राहिले. मग त्यांनी बाही तिच्या मनगटापर्यंत नीट खाली ओढली.

"बरोबर येतोय तुला," ते म्हणाले. "बटण लाव. गार आहे बाहेर."