चपला काढून बोटीत

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्या कॉलेजचा फॉर्म बाईंनी शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला होता. निबंध तपासताना त्या समासात लाल शाईने लिहीत. ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक तास’ या विषयावर मी लाटांची दोन पानं भरली, तेव्हा समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. बाईंनी लिहिलं, ‘तू पाहिलास का? नसेल, तर पाहिलेल्या कुणाला विचारलंस का?’

पंचवीस वर्षांनी, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करत असताना, मी पुन्हा तेच केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कथा लिहिली. विषय घेतला रबरी बोटीतून समुद्र ओलांडून युरोपात येणाऱ्या माणसांचा. मी स्वतः युरोपात आलो तो विमानात खिडकीजवळ बसून, जेवण दोनदा मागून घेत.

शनिवारी सकाळी मी ग्रंथालयात डच बोलायच्या सरावाला जात असे. तिथे दोघादोघांच्या जोड्या लावत. माझा जोडीदार सीरियाचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, एका बेकरीत आतल्या बाजूला पाव भाजणारा. मी त्यांना दादा म्हणायचो, अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलंही होतं. बेकरीच्या मालकीणबाई त्यांना काउंटरवर कायमची नोकरी द्यायला तयार होत्या, पण आधी डचची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. दादा दोनदा नापास झाले होते. ‘तुम्ही या देशात कसे आलात?’ असं विचारलं की ते म्हणत, ‘बोट.’ आणि गप्प. पुढची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

त्या शनिवारी बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी माझी कथा मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगू लागलो. पहाट. किनारा. माझा नायक चपला काढून वाळूत नीट जोडीने ठेवतो, बोटीला हात लावून कपाळाशी नेतो आणि चढतो.

“थांब, थांब!” दादांनी टेबलावर हात आपटला. “चपला का काढल्या?”

“बोटीत चढायचं होतं ना.”

“ती बोट आहे की देऊळ?”

“आमच्याकडे काढतात,” मी म्हणालो. “शाळेत आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीतसुद्धा चपला काढून जायचो.”

दादा इतके हसले की शेजारच्या टेबलावर शिकवणाऱ्या निवृत्त डच आजी चष्मा सारून बघू लागल्या.

“अरे इंजिनिअर, माणूस घर सोडतो, बूट सोडत नाही! मी नाडीला दोन-दोन गाठी मारल्या होत्या. अर्ध्या वाटेत बोटीत पाणी शिरलं. बादली कुणाकडे होती? मी बूट काढला आणि उपसायला लागलो. मग सगळ्यांनी काढले. तुझ्या माणसाच्या चपला किनाऱ्यावर. तुझी बोट बुडाली!”

“मग काय झालं?” मी विचारलं.

मग दादा थांबलेच नाहीत. डच वाक्यातली क्रियापदं कुठेही पडत होती. एक बाई वाटभर सगळ्यांवर ओरडत होती, ‘खाली बसा, उभं राहू नका!’ एक जाडजूड गृहस्थ धीर द्यायला लग्नातली गाणी म्हणत होते, इतकी बेसूर की लोकांनी हात जोडले, ‘काका, आम्ही घाबरत नाही, पण तुम्ही थांबा.’ फोन भिजू नयेत म्हणून फुग्यांत घालून फुग्यांची तोंडं बांधलेली होती. एवढं सांगून दादा घोटभर पाणी प्यायले. मग पुढे बोलू लागले.

आजी कधी येऊन बसल्या, कळलं नाही. एकही चूक त्यांनी दुरुस्त केली नाही. शेवटी घड्याळ दाखवून म्हणाल्या, “परीक्षेत एवढा वेळ देत नाहीत हो. आता थोडक्यात सांगायला शिका.”

पुढचे तीन शनिवार आम्ही तेवढंच केलं. सुरुवात नेहमी बुटापासून. मी कथेत ते वापरू का, असं विचारलं तेव्हा दादा म्हणाले, “वापर. नाव नको. आणि त्या बिचाऱ्याला बूट दे.”

निकाल लागल्यावर मी बाईंना हे पत्र पाठवलं:

आदरणीय बाई,

नमस्कार. सोबत दिवाळी अंक पाठवत आहे. कथेतला समुद्र मी अजूनही पाहिलेला नाही, पण या वेळी पाहिलेल्याला विचारलं. पहिल्या खर्ड्यात मी नायकाला चपला काढून बोटीत चढवलं होतं. तुम्ही असता तर तिथेच लाल रेघ आली असती. ती इथे एका पाव भाजणाऱ्या दादांनी मारली.

ते तोंडी परीक्षा पास झाले, बाई. आता काउंटरवर उभे असतात, आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, ‘आणखी काही?’ बोलण्यात चुका करतात, पण गप्प बसत नाहीत.

काल त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांच्या दाराशी मी बूट घालूनच उभा राहिलो, आत कसं जावं ते कळेना. ते म्हणाले, “काढ की आता. इथे पाणी शिरत नाही.”

तुमचा विद्यार्थी