माझ्या नावावर निघालेली गाडी

"ओ बाई, आधी गाडीचे हप्ते भरा. मग दुकान काढा."

साकोलीच्या बँकेत कर्जाच्या टेबलामागे बसलेला साहेब हे हळू बोलला नाही. बुधवारचा दिवस होता, रांग दारापर्यंत होती आणि सगळ्यांना ऐकू जाईल असंच तो बोलला.

मी म्हटलं, "साहेब, कोणती गाडी? मले सायकल बी येत नाही."

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा रांगेकडे वळवला. माझ्याकडे नाही, रांगेकडे. "हे पाहा. मोटारसायकल उचलली, एक बी हप्ता भरला नाही, अन् वरून दुकानासाठी कर्ज मागून राहिली. अशा लोकायमुळे चांगल्या माणसाले कर्ज भेटत नाही."

लोक हसले. माझ्याकडून हप्त्यानं साड्या नेणारी एक मास्तरीणबाई रांगेत होती. ती शेजारणीला म्हणाली, "आपल्या उधारीसाठी त दारात येऊन उभी राहते. सोताची पाहा."

मी टेबलावर हात आपटला. कागद मागितला. साहेब म्हणाला, रिपोर्ट बँकेचा आहे, मिळणार नाही. नाव माझं, कागद बँकेचा. मी आवाज चढवला तेव्हा वॉचमननं माझा दंड धरून मला पायऱ्यांवर आणून सोडलं. दंड धरताना त्यानं काठी बगलेत घेतली होती. गुराचं दावं धरताना घेतात तशी.

मी साड्या विकते. डोक्यावर गाठोडं घेऊन सुरुवात केली. सानगडीचा बाजार, साकोलीचा बाजार, मधली खेडी. माझ्याशी भाव करायला बसलेला माणूस घाम पुसत उठतो. बस स्टँडच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा होत होता. मालकानं मला महिन्याची मुदत दिली होती. दहा वर्षं मी त्या रस्त्यावर फुटपाथवर बसले होते. त्या गाळ्यासाठी मी बँकेत गेले होते.

पायरीवरून उठले आणि समोरच्या ऑनलाइन सेंटरमध्ये गेले. तिथल्या पोरीला म्हटलं, माझा क्रेडिट रिपोर्ट काढ. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो हे तिनं सांगितलं. बँकेच्या साहेबानं सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट मी कापडासारखा वाचला. एकेक धागा. नाव माझं. जन्मतारीख माझी. आधार माझा. कर्ज मोटारसायकलचं, तुमसरच्या शोरूममधलं. कर्ज देणारी कंपनी कधी ऐकली नव्हती. मग पत्ता आला. तो माझा नव्हता. शेटच्या गोदामाचा होता. फोन नंबरही माझा नव्हता. पण तो मला पाठ होता. लहानपणापासून पाठ होता.

शेट म्हणजे आमच्या गावचा सुताचा व्यापारी; त्याचं नाव गावात कोणी घेत नाही, नुसतं शेट. आम्ही विणकर. सूत त्याचं, साडी त्याची, हात आमचे. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या सालात मी अकरा वर्षांची होते. बाबांबरोबर साडी पोचवायला गेले. शेटनं साडी उलगडली. काठाला एक डाग होता, नखाएवढा. त्यानं साडी माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, "उंबऱ्यात हातर हे." मी अंथरली. त्यानं तिच्यावर दोन्ही पाय पुसले. आधी डावा, मग उजवा. म्हणाला, "चांगली हाये. पाय पुसाले चांगली हाये." साडीची मजुरी कापली आणि सुताची किंमतही बाबांकडूनच घेतली.

बाबा हसले. शेटनं विनोद केला की हसायचं असतं, म्हणून हसले. वर्षभरात आमचा माग बंद पडला. पुढं भाऊ शेटच्याच कारखान्यात मागावर बसला.

आता माझी चूक सांगते. ती मीच केली.

आमच्या गल्लीत एक रीत होती. दर दिवाळीला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं शेटच्या मुनीमाकडे आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा द्यायचा. विणकरांच्या योजनेसाठी. प्रत्येक झेरॉक्सवर सही. कशासाठी दिली ते लिहायचं नाही. तारीख घालायची नाही. मी एकदा तारीख घालायला लागले तेव्हा मुनीम म्हणाला, "कोरा राहू दे बाई. कोरा असला का कुठंबी कामी येते."

भावाची नोकरी तिथं होती. मी कोरा राहू दिला.

आणि एका शुक्रवारी मी सानगडीच्या बाजारात गिऱ्हाइकाशी झुंजत असताना मुनीमाचा फोन आला. "योजनेचं काम हाये, तुह्या मोबाइलवर नंबर आला असंल, सांग." मी सांगितला. साडीबरोबर पिशवी फुकट न देणारी मी. एका दमात सहा आकडे सांगितले आणि परत भाव करायला लागले.

मी ऑनलाइन हरकत नोंदवली. हे कर्ज माझं नाही. महिन्यानं उत्तर आलं : कंपनीनं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. पोलीस ठाण्यात गेले. जमादार कागद पाहून म्हणाला, "सही तुहीच हाये ना? मंग?" मी म्हटलं, "सही माही हाये. कर्ज माहं नाही. दोन्ही लिहून घ्या." तीन चकरांनंतर त्यानं लिहून घेतलं.

तोवर गाळ्याची मुदत संपली. तिथं मोबाइलचं दुकान आलं.

मग मला शोरूम आठवली. गाडी विकली की गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, पेढ्याचा डबा हातात देऊन गिऱ्हाइकाचा फोटो काढतात. कर्जाची गाडी असली तर तो फोटो कंपनीलाही जातो. मी तुमसरला गेले. मॅनेजर म्हणाला, फोटो देता येत नाही. मी भांडले नाही. शोरूमच्या दारात उभी राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "भाऊ, आधार आणलं का? सांभाळून जा. इथं माह्या आधारावर दुसऱ्याची गाडी निघाली."

दोन दिवस उभी राहिले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर फोटो हातात घेऊन बाहेर आला. "घे माय, अन् जाय."

फोटोत हार घातलेली गाडी. गाडीवर शेटचा भाचा, सिहोऱ्याला सासुरवाडी असलेला. शेजारी स्वतः शेट, भाच्याला पेढा भरवतोय. खाली गिऱ्हाइकाचं नाव छापलं होतं. माझं.

फोटो ठाण्यात आणि कंपनीत पोचला आणि चारच दिवसांत शेटचा निरोप आला. गेले. मला खुर्ची दिली. त्या घरात आमच्यापैकी कोणाला खुर्ची मिळालेली मी पाहिली नव्हती.

"पोरी, घरातली गोष्ट ठाण्यात काहून नेली?" शेट म्हणाला. "पोराच्या नावावर कर्ज भेटत नव्हतं. तुहं नाव साफ होतं, म्हणून घेतलं. हप्ते भरून टाकतो. तुले दुसरा गाळा पाहून देतो. तू फक्त एवढं लिहून दे का कर्ज तूच काढलं अन् गाडी माह्या भाच्याले वापराले देली."

मुनीमानं कागद पुढं केला. पेनचं टोपणही काढून दिलं.

खोटं सांगत नाही, मी त्या खुर्चीत बसून विचार केला. गाळ्याबरोबर आणखी काय काय ओढून घेता येईल, हे मला दिसत होतं. शेट घाबरला होता. घाबरलेल्या माणसाशी सौदा करणं मला कोणी शिकवायला नको. तेवढ्यात तो हसून म्हणाला, "तुह्या बापानं त कधी मले नाही म्हटलं नाही."

मी पेन टेबलावर ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. "माहं नाव साफ होतं ते मी ठेवलं होतं. तुमच्या भाच्यासाठी नाही."

"भावाचा विचार कर."

"केला."

दुपारपर्यंत भावाला कारखान्यातून काढलं. तो संध्याकाळी माझ्या दारात आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाई, तुले एक सही जड झाली? माही दोन लेकरं हायेत." मी त्याला सांगितलं, पोलिसांनी मुनीमाकडचा झेरॉक्सचा गठ्ठा ठाण्यात आणलाय, त्यात तुझेही कोरे कागद आहेत. तुझ्या नावावर काय काय निघालंय ते तरी बघ. तो म्हणाला, "असू दे." राखीला गेले तर त्यानं दार उघडलं नाही. वहिनीनं आतून सांगितलं, घरात कोणी नाही.

गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडून साडी घेणं बंद केलं.

कंपनीनं अखेर कर्ज रद्द केलं. रिपोर्टमधून ती ओळ गेली. मी रिपोर्ट घेऊन बँकेत गेले आणि त्याच साहेबापुढे ठेवला. त्यानं वाचला. रांग होतीच. तो म्हणाला, "झालं ना क्लिअर? मंग आता कायले उभ्या?" पडदा त्यानं या वेळी रांगेकडे वळवला नाही.

आता मी कोणालाही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारते, कशासाठी दिली ते लिहिते, तारीख घालते. लोक थांबतात, चिडतात. थांबू देत.

खटला लागला आहे. शेटचा वकील दोनदा घरी येऊन गेला. भाऊ माझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे, कर्ज मीच काढलं म्हणून. त्याला कारखान्यात परत घेतलंय. देऊ दे. मी त्याला अडवणार नाही आणि त्याच्यासाठी मागंही फिरणार नाही.

माझी पाळी येईल तेव्हा मी पिंजऱ्यात उभी राहीन. माझं नाव मी स्वतः सांगेन. मग शेटचं सांगेन. पूर्ण, त्याच्या बापाच्या नावासकट.